हातउसनं

गोठलेल्या पिशव्या मी सदतीस अंशांच्या पाण्यात सोडते
आणि वाट बघते.
घाई केली की प्रथिनं नासतात.
बाहेर एर्झुरुममध्ये उणे चोवीस,
खिडकीच्या कडेला आतून बर्फ धरलाय.

पहिली पिशवी नितळ, सुकल्या गवताच्या रंगाची.
दुसरी हिरवट: दिवस राहू नयेत म्हणून
गोळ्या घेणारी कुणी मुलगी असावी.
तिसरी किंचित दुधाळ: हा पठ्ठ्या
मेंढीचं मटण चापून थेट रक्त द्यायला आला.
तेलकट खाऊ नका, असं दारावर लिहिलंय.
वाचतो कोण.
नावं मला कळत नाहीत. पिशवीवर नुसते आकडे.

गुलिझार, खाट तीन, वय सव्वीस.
होरासानपलीकडच्या गावातून
बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग आणलेली.
तिसाव्या आठवड्यात पोट उघडून मूल काढलं.
सगळे म्हणाले, वार गेली, आता आजारही जाईल.
आजाराला हे कुणी सांगितलं नव्हतं.
प्लेटलेट उतरतच राहिल्या: चाळीस हजार, बावीस, चौदा.
लघवी कडक चहासारखी,
आणि या शहरात चहाचा रंग ओळखायला
डॉक्टर लागत नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी
साखरेचा खडा दातांनी तोडावा तशा तुटलेल्या.

यंत्र तिचं रक्त घेतं, गरगर फिरवतं,
तांबडं तिला परत देतं, पिवळं ठेवून घेतं.
त्या पिवळ्याच्या जागी बारा परक्यांचं पिवळं.
रोज बारा.
ओठांना मुंग्या आल्या म्हणाली; मी कॅल्शियम सोडलं.
मग तिने विचारलं,
"त्यांच्या खोडी मला लागतील का गं?"
मी म्हटलं, "एक जण मटण खाऊन आला होता."
ती हसली, नळी हलली, यंत्र ठणाणा करू लागलं.
धावत आलेल्या डॉक्टर मुबेज्जेल
आम्हा दोघींकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी एकतीसवरून पुन्हा सत्तावीस.
मुबेज्जेलबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
मी पिशव्या मोजल्या.
मोजायचं काय होतं, बाराच होत्या.

पाचव्या दिवशी टाकायची पिशवी उजेडात धरली.
पहिल्या दिवशी ती विटकरी होती.
आज तिच्यातून खिडकी दिसत होती.
मी कुणाला बोलले नाही; आकडा येईपर्यंत
असलं बोलायचं नसतं.
आकडा आला: अठ्ठ्याण्णव.
वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत,
अकराशे ऐंशी ग्रॅमची पोर
त्याच वेळी जांभई देत होती, असं तिथली नर्स सांगते.
मी तरी कुठे बघायला गेले होते.

तिचा नवरा सातिल्मिश, साखर कारखान्यातला,
दारात टोपी चुरगाळत उभा.
"एकूण किती लागल्या?"
"साठ."
"मग माझ्या साठ घ्या. सावकाश घ्या, पण घ्या."
आमच्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत.
रक्तकेंद्रात त्याने फॉर्म भरला, खरं खरं लिहिलं:
गेल्या वर्षी कच्च्या चीजमुळे माल्टा ताप.
त्याला नाही म्हणाले.
तो बराच वेळ बाकावर बसून राहिला,
बाही वर सरकवलेली तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कामावर येते तर
केंद्राच्या पायऱ्यांवर हा, हातात फावडं.
कुणी सांगितलं नव्हतं.
एकेक पायरी खरवडून काळी केलेली,
वरून मूठ मूठ मीठ.
"घसरला कुणी तर परत जाईल ना," म्हणाला.

तेवढ्यात चामडी जाकिटातला एक जाडा माणूस
त्याला ओलांडून वर चढला,
पायऱ्यांकडे न बघता,
दातांत काडी घोळवत.

मी मनात म्हटलं, आलाच हा.