चारचाकी: होय

रिवणला, शेवंती वेळीपच्या आंगणात
खाण बंद पडली त्या दिवसापासून
एक टिपर उभा.
हौद्यात कारल्याचा वेल चढलेला,
काचेवर अजून शाबूत: सातेरी प्रसन्न.

टॅबवर प्रश्न एकोणीस. घरात चारचाकी वाहन आहे का?
होय. नाही.
तिसरी चौकट नव्हती.
ती म्हणाली, "तातूंत कोंबयो रावतात."
मी म्हटलं, बाय, आहे की नाही तेवढंच सांगा.
तिनं ट्रककडे पाहिलं,
काम सुटून घरी बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं,
आणि म्हणाली, "आसा म्हण."
मी बोट टेकवलं.

बँकेच्या हप्त्याचाही एक प्रश्न होता म्हणे.
मुलाखत लांबते म्हणून आधीच गळला.

पर्वरीच्या गारठलेल्या खोलीत
डॉक्टर इवेट कुलासोंनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या.
सरळ ती सगळ्यांना सारखं मिळालं तर,
वाकलेली ती आपली.
मधली जागा मोजायची, बस्स.
मला ती वळणावरच्या कुशावतीसारखी दिसली,
पण तसं बोलायची ती जागा नव्हे.

बाई वाईट नव्हत्या.
जेवणाच्या सुट्टीत मलाच हाक मारली:
या चोवीस घरांत चारचाकी, आणि तांदूळ रेशनचा? कसं काय?
मी कोंबड्यांचं सांगितलं.
त्यांनी पेन्सिलनं बराच वेळ लिहून घेतलं.
अहवालात, पान एकसष्टच्या तळाशी, बारीक टायपात आलं:
काही वाहने वापरात नसण्याची शक्यता.

शक्यता.
मी मोजल्या होत्या. सात.

मंत्र्यांसाठी सारांश दोन पानांचा; तळटीप त्यात मावत नाही.
चोवीस घरं यादीतून वर सरकली,
वाकडी रेषा केसभर सरळ झाली,
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या. कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

तीन वर्षं भांडून डॉक्टरांनी एक ओळ मिळवली.
एकोणीस अ: वाहन चालू स्थितीत आहे का?
ती घेऊन मी पुन्हा रिवणला.

टिपर नव्हता. किलोच्या भावानं गेला होता.
शेवंती म्हणाली, "आतां नाका म्हण."
आंगणात ऑइलनं काळा पडलेला एक चौकोन,
त्यात गवतही उगवत नव्हतं.
तिन्हीसांजेला कोंबड्या आल्या,
दोन फेऱ्या मारल्या,
आणि त्या चौकोनातच
एकमेकींना चिकटून बसल्या.