पाच फूट सात

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, ग्रिम्सबीत,
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
ऑड्री बॉरिल फळ्यावर एवढासा शब्द लिहितात: ऑफ.
आणि खडू धरून थांबतात,
दारातल्या माणसाला आत घ्यावं की नाही
हे ठरत नसल्यासारख्या.

तेस्फालेम वही उघडतो.
कारखान्यात दिवसभर हॅडकचे काटे काढून
बोटांना सुरीची सवय झालीय,
शब्दही तो तसाच उघडतो, पोटाकडून.

दिवा ऑफ म्हणजे विझला. ठीक.
गजर ऑफ गेला म्हणजे वाजला.
दूध ऑफ म्हणजे नासलं.
मुकादम आज ऑफ म्हणजे सुट्टीवर,
तो नासका असेल तर त्याला वेगळा शब्द आहे,
बोझेनाला ठाऊक आहे, ती सांगत नाही.

"मी बोटीवरून ऑफ झालो,"
तेस्फालेम हिशोब लावतो,
"तर मी विझलो, वाजलो, की नासलो?"
कुणी हसत नाही. मग सगळेच हसतात.

अप म्हणजे वर, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
आता जेवण अप म्हणजे ताट चाटून पुसून,
वेळ अप म्हणजे संपली,
आणि लंडन नकाशात खाली असून
रुळांवर अप.
वॉश अप म्हणजे भांडी घासणं.
लाटांनी किनाऱ्यावर काही आणून टाकलं
तर तेही वॉश अप.
भांडी तेस्फालेमने तीन देशांत घासली आहेत.
दुसऱ्या अर्थापुढे तो वहीत काही लिहीत नाही,
ओळ सोडतो.

मागच्या बाकावरून नूरआगा: ओव्हर! सहा चेंडू!
बरोबर, ऑड्री म्हणतात,
आणि सहावा पडला की ओव्हर ओव्हर.
नूरआगा खूश. त्याला पहिल्यांदाच
एक वाक्य पूर्ण कळलंय.

मग सरावाचा कागद. तेस्फालेम मोठ्याने वाचतो:
गेट ओव्हर. भिंत ओलांडणे.
गेट ओव्हर. सर्दीतून बरे होणे.
गेट ओव्हर. माणूस.
इथे तो अडतो.
"माणूस किती उंच असला
म्हणजे त्याच्यावरून पलीकडे जाता येत नाही?"

ऑड्री खिडकीकडे बघतात.
खिडकीत गोदी नाही, फक्त समोरच्या
चिप्सवाल्याची निळी पाटी आहे.

"पाच फूट सात," त्या म्हणतात.
"बुटांसकट आठ."

क्लिफर्डचं ट्रॉलर
आइसलंडच्या वाटेवर डाउन गेलं,
चव्वेचाळीस वर्षं झाली.
ऑड्री हे सांगत नाहीत.
बोझेना नंतर सांगते, जिन्यात, हळू.
डाउन म्हणजे खाली.
खाली म्हणजे रिकामंही,
पण ते फक्त माझ्या भाषेत,
आणि ऑड्रींच्या स्वयंपाकघरात.

वर्गात त्या एवढंच म्हणतात,
की हा प्रश्न परीक्षेत येत नाही,
आणि फळा पुसतात.
ऑफ पुसला जातो तेव्हा
त्याचा शेवटचा आकडा
थोडा वेळ टिकून राहतो, गळासारखा.

थांब्यावर वारा मिठाचा.
दिवे लावलेली एक बस आली,
कपाळावर पाटी: सेवेत नाही,
आत एकही माणूस नाही.
खाली बस.
न थांबता गेली.
तेस्फालेम बाकावर बसला.

मागून ऑड्री आल्या, पिशवी सावरत.
"शव्ह अप, लव्ह."
त्याने आधी वर पाहिलं.
वर तारेवर एक समुद्रपक्षी, पाय आखडून,
बाकी ढग.
मग त्याला कळलं,
आणि तो बाजूला सरकला,
बाई बसतील एवढा,
आणि मग, का कोण जाणे,
अजून थोडा.