उणे एकसष्ट

नेरिसचा फोन आला तेव्हा मी
अर्धं बिस्किट चहात बुडवलं होतं.
मागे बाळ, वरच्या पट्टीत,
आणि पुढे तिचा आवाज, झोप न झालेला:
"पगारपत्रकात कराच्या रकान्यात
उणे एकसष्ट पौंड लिहिलंय.
मी काही देणं लागते का?"

नाही गं बाई.
कपातीच्या रकान्यातलं उणे
तुझ्या बाजूला अधिक होतं.
(हे शाळेत सगळ्यांना शिकवतात
आणि मोठेपणी कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही.)

मी समजावत गेले.
सरकारने एप्रिलमध्येच धरलं होतं
की तू वर्षभर सकाळी सातला
शिशाचा एप्रन चढवून
एक्स-रेच्या खोलीत उभी राहणार.
त्या हिशेबाने त्याने कापून घेतलं.
मग तू घरी बसलीस
"बसले?"
बरं, घरी राहिलीस.
सहा आठवडे नव्वद टक्के, पुढे ठरीव रक्कम,
शेवटचे तीन महिने काहीच नाही,
आणि आता सरकारला महिन्यामहिन्याने उमगतंय
की त्याला वाटली होतीस
तेवढी पैसेवाली तू नाहीस.

ती हसली. बाळ हसलं नाही.
एका हातात फोन, दुसऱ्यात ते,
माझ्याबरोबर बेरीज करताना
हातचा धरायला तिला हात नव्हता.

खाली सरकताना दिसलं:
पार्किंग, साडेअठरा. पाच महिने सलग.
हॉस्पिटलमागच्या चढावर, जिथून
स्वान्सीच्या खाडीची एक फट दिसते,
तिथे तिची जागा रिकामी,
पावसात भिजत, भाडं भरत.
मी ते थांबवलं. साडेब्याण्णव पुढच्या महिन्यात.
कुणाला न विचारता. विचारलं असतं
तर एक फॉर्म निघाला असता.

विभागाच्या लॉटरीचे दोन पौंड?
"ते राहू दे," ती घाईने म्हणाली.
"मी सोडली आणि त्यांना लागली तर?"

आमच्या मशीनमध्ये तिची नोंद अशी आहे:
अपेक्षित आठवडा. प्रत्यक्ष तारीख. पुरावा मिळाला, होय.
नावाला रकाना नाही.
म्हणून मी विचारलं.
माब्ली, म्हणाली. माब्ली प्यू.
मी ते पेन्सिलने
कागदाच्या कडेला लिहिलं, जिथे
तपासनीस कधी बघत नाही.

शहाऐंशी साली
पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात
मी सुटी मागितली होती, सुटका मिळाली.
गेथिनला घेऊन घरी आले ऑक्टोबरात,
अर्धं वर्ष कर भरलेला,
अर्धं वर्ष कमाई शून्य.
माझंही उणे असणार कुठल्याशा वहीत.
मागायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही.
मुदत केव्हाच संपली.
आता मी दर महिन्याला
चौदाशे माणसांचं देणंघेणं जुळवते, पेनीपर्यंत,
आणि गेथिन रविवारी फोन करतो,
बहुतेक रविवारी.

"म्हणजे हे एकसष्ट माझेच?"
तुझेच. आधीपासून तुझेच होते.
"मग मी आज मासे-चिप्स मागवते," नेरिस म्हणाली,
आणि फोन ठेवायला विसरली.
मी बराच वेळ ऐकत राहिले:
खुर्चीची करकर, एक ढेकर,
तिचं पुटपुटणं, कुणाशी ते उघड होतं.

चहा निवला होता.
बिस्किट तळाशी गेलेलं.
चमच्याने काढून खाल्लं.