तेरा अंश

ग्वायाकिल सोडून नववा दिवस.
तेबुआ विजेरी घेऊन कंटेनरांच्या बोळात,
दाराला कान लावत जातो:
पंखा फिरतोय ना.

कोळंबी उणे वीसवर. तिचं काय,
मेलेलीच ती.
केळी मात्र जिवंत.
तेराच्या खाली काळवंडतात,
वर गेली की एखादं पिकतं
आणि शेजारच्यांना उठवत सुटतं.

पहाटे सतराव्या रांगेत लाल दिवा.
प्लगात मीठ.
वीज तोडून, ओल्या लोखंडावर पालथा पडून
तो पुसतो, फुंकतो, पुन्हा खोचतो.
घरघर.

वहीत लिहितो: तेरा पूर्णांक दोन.

तारावात आता संध्याकाळ,
मुलगी जागी असेल.
कितव्या महिन्यात चालू लागली ती?
बघावं,
तर वहीत सगळी केळीच.