जो पंख खाली, दांडी तिकडे

बाहेर उणे एकतीस.
सस्कॅचेवानात हा आकडा कुणी तक्रार म्हणून सांगत नाही,
हजेरी लावल्यासारखा सांगतात.
ऑरेस्ट हावरिल्युकच्या तळघरात भट्टी घुमते,
टेबलावर आराखडा, त्यावर मेणकागद,
मेणकागदावर टाचण्यांनी खिळलेला
एका पंखाचा अर्धा सांगाडा.

मी मार्लिस. शाळेची चौदा नंबरची बस चालवते,
सव्वीस वर्षं, एकही खांब न पाडता.
विमानं कसली, विणकाम कर, बहीण म्हणाली.
मी म्हटलं, विणलेलं उडत नाही.

बाल्साची फळी पहिल्यांदा हातात घेतली
तेव्हा काही घेतलंच नाही असं वाटलं.
इक्वाडोरचं झाड म्हणे, पाच-सहा वर्षांत वाढून मोकळं होणारं.
त्याला ब्लेड नवंच लागतं.
बोथट ब्लेडने ते कापलं जात नाही, चुरगळतं,
आणि मग त्याचा राग आपण बोटावर काढतो.
सात फासळ्या कापल्या. दोन चालल्या.
ऑरेस्ट काही बोलला नाही,
पाच उचलून त्याने पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यात टाकल्या,
का, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्याचे हात थरथरतात. चार वर्षं झाली.
टाचणी उचलताना मनगट टेबलाला दाबून धरतो,
गोंदाचा थेंब मात्र मला सोडायला लावतो.
तो गोंद दहा सेकंदांत धरतो.
एकदा माझा अंगठा आणि शेपटी
तासभर एकच वस्तू होते.

जुलैत शाळा सुटल्या.
कनोलाच्या पिवळ्या शेतात कापलेल्या गवताची पट्टी,
हाच आमचा विमानतळ.
दोन रिमोट, मध्ये एक वायर.
त्याने बटण दाबून धरलं की विमान माझं,
सोडलं की त्याचं.

लांब जातं तोवर सगळं सरळ.
वळून आपल्याकडे यायला लागलं
की डावं उजवं होतं, उजवं डावं,
आणि शहाण्यासुरत्या माणसाचा हात त्याला जमिनीत घालतो.
"जो पंख खाली, दांडी तिकडे," ऑरेस्ट म्हणाला,
"विचार करू नकोस."
मी विचार केला. विमान कलंडलं.
मग आठवलं, अगं, तू सव्वीस वर्षं आरशात बघतेस.
मागच्या बाकावर आरशात डावखुरा दिसणारा पोरगा
खरा कोणत्या हाताने मारतोय,
हे तुला मान न वळवता कळतं.
हा तसाच एक आरसा,
फक्त अंगावर येणारा.

तरी दोनदा त्याने बटण सोडलं.
ते मला न सांगता कळलं.
पंख बारीक थरथरू लागले,
थंडी वाजून ताप भरताना अंग थरथरतं तसे,
वर, दोनशे फुटांवर.
जे तो कॉफीच्या कपाआड लपवतो,
चर्चमध्ये टोपीखाली धरून बसतो,
ते सगळ्या जिल्ह्याला दिसेल असं
उघड्यावर उडत होतं.
मी नजर खाली आणली नाही. त्यानेही नाही.
"वारा आहे," तो म्हणाला.
खांबावरचा कापडी मोजा
वाळत घातल्यासारखा लोंबत होता.
"हो," मी म्हटलं, "बराच आहे."

तिसऱ्यांदा त्याने बटण सोडलंच नाही.
विमान अगदी गुळगुळीत खाली आलं,
पट्टीच्या वीस पावलं अलीकडे,
कनोलात.

अर्धा तास आम्ही पिवळ्यात वाकून हिंडलो.
पंख्याचं एक पातं, एक चाक,
बॅटरी शाबूत, नाक नाही.
माझ्या त्या दोन फासळ्यांतली एक सापडली, मधोमध मोडलेली.
ऑरेस्टने ती शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचली,
दुसऱ्या प्रयत्नात.
"नोव्हेंबरात ये," म्हणाला.
"ब्लेड तू आण."