फुरंगुळ

रुवीत, हमरिया भागात,
तिसरा मजला, खिडक्या बंद.
बाहेर सत्तेचाळीस. आत
एसीचा सूर मंद, मंद,
मंदच, घर्र, खुडुक, ठप्प.
दोन सेकंद घरही गप्प.

मग जाळीतून सुटली एक
कसलीशी झुळूक. गार नाही,
गरम म्हणावी तर तिला
तितकीशीही धार नाही.
ओल्या मोज्याचा वास जरा,
जरा जुन्या नाण्यांचा.

शाल्मली, वय वर्षे सात,
झुळकीपुढे धरून हात
म्हणाली, "बाबा, ही फुरंगुळ."
"म्हणजे काय?"
"म्हणजे ही! दुसरं हिला म्हणणार काय?"

बायको नगरला मराठी शिकवायची.
कणीक मळता मळता तिनं विचारलं,
"तो फुरंगुळ, ती फुरंगुळ, की ते?"
शाल्मलीनं बराच वेळ छताकडे पाहिलं.
"येते तेव्हा ती. थांबला की तो.
मागे राहतो ना वास, तेवढं ते."
कुठल्याच व्याकरणात बसेना,
पण जिभेला काही टोचेना.

झोप कुणाला येणार त्या रात्री?
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन
तिघं फरशीवर आडवे, आणि मग
एकेक ओळ एकेकानं:

वाळुंगरीच्या वाळखटातुन
उंटुकल्याची उटकत स्वारी,
खजुरल्याच्या खांद्यावरती
खोबरगुल्ली निजली सारी.
गरमाडाचा गुरगुट फुटला,
सांडुन गेला झगमगळा,
चांदोमाशी चपकत म्हणते,
"उंटुकल्यांनो, टमका! पळा!"

"टमकणे म्हणजे?" मी विचारलं.
"मी टमकते, तू टमकतोस,
आई टमकली की पोळी करपते."
आई म्हणाली, "टमकेन हं आता!"
आणि अर्थ सगळ्यांना कळला.

सकाळी शिडी घेऊन आला
नौशेर, स्वातचा मेकॅनिक.
शाल्मलीनं दारातच सांगितलं,
"अंकल, फुरंगुळ है."
त्यानं जाळीपाशी नाक नेलं,
डॉक्टरसारखी मान हलवली,
"हां बेटा, फुरंगुल है. गॅस गया."
पावतीवरही तेच लिहिलं, उर्दूत.
बारा रियाल.

मग काय, शब्दाला पाय फुटले.
शेजारची लिसम्मा लिफ्टमध्ये म्हणाली,
"हमारे बेडरूम में भी आ गया, फुरंगुळ."
(तिचा ळ आमच्याहून देखणा.)
खालच्या सलूनमधला चितगावचा न्हावी
मशीन बंद पडलं की "फुरोंगुल!" म्हणून
गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं सोडायचा.
ऑफिसात प्रोजेक्ट रखडला,
कुणीतरी सुस्कारा टाकला,
"फुरंगुल हो गया, साब. खल्ली वल्ली."

नोव्हेंबरात हवा माणसाळली.
मत्रहच्या धक्क्यावर बर्फाची गाडी,
रांगेत एक ओमानी पोरगा, टोपी तिरपी,
नाणं आपटून म्हणाला,
"वाहिद फुरंगुल! अझरक!"
आणि गाडीवाल्यानं, न बावचळता,
निळा बर्फगोळा पुढे केला.

मी गाडीवाल्याला विचारलं, कुठला शब्द?
तो म्हणाला, अरबी.
पोराचा काका म्हणाला, छे, हिंदी!
लिसम्माला नंतर सांगितलं,
ती म्हणाली, मराठी ना? मला वाटलं
तुमच्याकडे रोगच असतो तसा.

शाल्मली मात्र भडकली होती.
"चूक! ते खायचं नसतंच मुळी!"
मग गोळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मग रांगेत जाऊन उभी राहिली,
त्या पोराच्या मागे नाही, शेजारी,
आणि खांद्याला बोट लावून म्हणाली,
"ल नाही रे. ळ. फुरंगुळ."
"ल."
"ळ! जीभ वर. अजून वर. मागे वळव."

त्यानं आ केला. निळीशार जीभ
टाळ्याकडे जाताना वाटेत घसरली,
थोडा बर्फ सदऱ्यावर सांडला.
"ड्लळ," तो म्हणाला.
"हा कुठला?" शाल्मली म्हणाली,
"हा तर नवाच आहे!"
आणि दोघं त्या नव्याला
काय म्हणायचं, यावर भांडत बसले.