एकशे वीस

लाइट बिलाच्या पाठीवर पहिला आकडा पडला तो चतुर्थीनंतर.
मोठ्यांची दोन, मुलांचं एक,
लॉकर,
नायलॉनचे कपडे भाड्याने, सुती चालत नाहीत, का कोण जाणे,
म्हापशापर्यंत बस, म्हापशाहून पुढे बस,
आणि 'इतर'.
'इतर'पुढे सुलक्षाने आकडा लिहू दिला नाही.
म्हणाली, तिथूनच पैसे गळतात.

साखळीहून ते वॉटर पार्क दीड तासावर.
दिल्लीहून माणसं विमानाने येऊन त्यात भिजून जातात,
आम्ही सात वर्षं पावसानंतर बघू म्हणतोय.

एकशे वीस सेंटिमीटरच्या खाली अर्धं तिकीट.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ:
उर्वी, एकशे सोळा.
खाज्याच्या रिकाम्या डब्यात अकराशे.
शर्यत लावली कुणी नव्हती, पण लागली.

दिवाळीला एकशे सतरा.
शिगम्याला अठरा आणि वर थोडं.
डबा मात्र मध्येच गॅसच्या शेगडीने अर्धा केला.
एका रात्री तिने पुन्हा भात मागितला,
सुलक्षा वाढत होती
आणि मी भाताकडे बघत सेंटिमीटर मोजले.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कदंबचा कंडक्टर मी, एकोणीस वर्षं.
बसमध्ये अर्धं तिकीट वयावर, उंचीवर नाही.
मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन
अकरावं चालू आहे म्हणणाऱ्या आया
रोज भेटतात.
मी विचारायचो, बाई, लग्नाची पत्रिका कधी देता?
सगळी बस हसायची.
बाई खिडकीबाहेर बघायची.

मेमध्ये निघालो.
खिडकीपाशी भिंतीवर रंगवलेला कुर्ली,
त्याच्या वर केलेल्या नांगीवर एकशे वीस.
रांगेत मी वाकून उर्वीच्या कानात सांगितलं,
जरा सैल उभी राहा गं.

तिने माझ्याआधी पाटी वाचली होती.
नवीनच वाचायला लागलेली, सगळं वाचते.
मोठ्या निळ्या घसरगुंडीलाही तीच रेघ:
त्याखालच्यांना प्रवेश नाही.

उर्वी टाचा उचलून उभी राहिली.
टाचा खाली, काउंटरवरची मुलगी म्हणाली.
टाचा खाली आल्या.
तरी नांगीच्या वर बोटभर केस,
आणि केसांखाली, नीट पाहिलं तर, डोकंही.
फुल, मुलगी म्हणाली.
उर्वीने वळून माझ्याकडे पाहिलं,
वर्गात पहिली आल्यासारखं.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला, सवय आहे.
अडीच तिकिटांचे पैसे होते.
दोन काढली.
राहिलेल्या अर्ध्यात त्या दोघींचे आत नूडल्स येतील.
मी 'इतर' झालो.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत,
म्हणून डबा माझ्याजवळ.
काजूच्या झाडाखाली बसून
तिघांच्या चपात्या आणि बटाट्याची भाजी मी एकट्याने संपवली.
भिंतीपलीकडे माणसं किंचाळत होती, सुखाने.
त्यातली आपली कुठली, बराच वेळ लागेना,
मग एक लागली,
किंवा मी ठरवून टाकलं की तीच.

परतीला म्हापशाहून खाजगी बस.
ती माझ्या मांडीवर, ओले केस, क्लोरीनचा वास,
अस्नोड्यापर्यंत गाढ.
कंडक्टर पोरगा आला. दोन फुल, एक हाफ?
तिने डोळे न उघडता सांगितलं,
तीन फुल.

पोरगा हसला. सगळी बस हसली.
मी कायदा जाणतो, बारा वर्षांपर्यंत हाफ,
अजून पाच वर्षं हक्क आहे.
हाफच दे, मी म्हणालो.

साखळी येईपर्यंत
ती खिडकीबाहेर बघत राहिली.